व्यसनप्रतिबंध कोअलिशनच्या ट्रेनिंगसाठी ग्रँट: आमच्या मंडळाने अर्ज करावा का?

ओसरी

नमस्कार मंडळी,

मी न्यू जर्सीत राहते. थोरला दहावीत, धाकटी सातवीत. मागच्या हिवाळ्यात धाकटीच्या मिडल स्कूलमधून ईमेल आली की मुलींच्या बाथरूममध्ये व्हेप (ई-सिगारेट) सापडले, म्हणून यापुढे तास चालू असताना बाथरूमला जायचं तर पास लागेल. मुलीला विचारलं, तर वहीतून डोकं वर न काढता म्हणाली, "आई, हे सहावीपासून चालू आहे." व्हेप सापडल्यापेक्षा तिचा तो सूर मला जास्त लागला.

रविवारी मराठी शाळा भरते तेव्हा मुलांचा वर्ग सुटेपर्यंत आम्ही पालक कॅफेटेरियात बसतो. तिथे मी विषय काढला. बरेचजण म्हणाले, "आपल्या मुलांचं तसलं काही नसतं." विषय तिथेच थांबला. नंतर पार्किंगमध्ये दोन आया वेगवेगळ्या येऊन हळूच सांगून गेल्या, "आमच्याकडे झालंय. कुठे बोलू नकोस."

तेव्हापासून आम्ही सहा-सात पालक अधूनमधून भेटतो. एका मैत्रिणीने शोधून काढलं की मुलांना व्यसनापासून दूर ठेवण्यासाठी काम करणाऱ्या कम्युनिटी कोअलिशन्सना, म्हणजे गावातल्या वेगवेगळ्या क्षेत्रांतल्या लोकांच्या आघाड्यांना, ट्रेनिंग देण्यासाठी फेडरल सरकार ग्रँट देतं. आमचं मराठी मंडळ ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त ना-नफा संस्था आहे, हिशेब चोख आहेत. तर प्रश्न असे: मंडळाच्या नावाने अर्ज करता येईल का? त्या ट्रेनिंगमध्ये नेमकं काय शिकवतात? आणि एवढ्या कागदपत्रांत शिरण्यापेक्षा एखादा चांगला वक्ता बोलावून मुलांपुढे भाषण ठेवणं बरं नाही का?

ज्यांनी हे काम जवळून पाहिलंय त्यांनी कृपया मोकळेपणी लिहावं.

पाणवठा

ओसरी, ग्रँटच्या आधी टाउन हॉलमध्ये एक फोन करा आणि विचारा, "आपल्या गावाचं म्युनिसिपल अलायन्स (व्यसनप्रतिबंधाची गावपातळीची समिती) आहे का, आणि त्याची बैठक कधी असते?" जर्सीत ही व्यवस्था १९८९ पासून आहे. अमली पदार्थांच्या गुन्ह्यांत कोर्ट जो दंड लावतं, त्याच पैशातून गावोगावच्या प्रतिबंधाच्या कामाला मदत मिळते. बहुतेक ठिकाणी शाळेतली समुपदेशक, एखादा पोलीस अधिकारी आणि दोन-चार निवृत्त माणसं इतकीच मंडळी येतात. आपले लोक तिथे क्वचितच दिसतात. बैठक सगळ्यांना खुली असते, आमंत्रणाची वाट पाहू नका.

शिवाय ओपिऑइड (अफूच्या जातीची, व्यसन लावणारी वेदनाशामकं) खटल्यांच्या तडजोडीचे पैसे काउंटीकडे आलेत. औषधांचे तीन मोठे वितरक आणि जॉन्सन अँड जॉन्सन यांच्याकडून देशभरात मिळून २६ अब्ज डॉलर, तेही बरीच वर्षं टप्प्याटप्प्याने येणार आहेत. त्यातला काही भाग प्रतिबंधावर खर्च करता येतो. तुमच्या काउंटीने काय ठरवलंय ते जरूर विचारा.

रानजाई

ओसरी, पोस्ट वाचली आणि लगेच लिहायला बसले. पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान गावाच्या कोअलिशनची मी कोऑर्डिनेटर होते. आता नोकरी सुटली, पण बैठकांना अजून जाते. लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

तुमच्या मैत्रिणीच्या वाचनात दोन वेगळे पैसे एकत्र झालेत असं वाटतं. १९९७ च्या ड्रग-फ्री कम्युनिटीज कायद्याने गावागावांतल्या कोअलिशन्सना थेट ग्रँट सुरू झाली. पुढे २००१ मध्ये त्या कायद्याची मुदत वाढवताना काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) तरतूद केली की या लोकांना शिकवण्यासाठी एक राष्ट्रीय इन्स्टिट्यूट असावी. ती इन्स्टिट्यूट चालवते कॅडका, म्हणजे कम्युनिटी अँटी-ड्रग कोअलिशन्स ऑफ अमेरिका. ट्रेनिंगचा म्हणून जो वेगळा पैसा आहे तो असा शिकवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेला जातो. तुम्ही तिथे अर्ज करायचा नाही, तिथे शिकायचं. तुमच्या कामाची ग्रँट दुसरी: ड्रग-फ्री कम्युनिटीजची. वर्षाला जास्तीत जास्त १,२५,००० डॉलर, पाच वर्षं, नंतर पुन्हा स्पर्धेत उतरून आणखी पाच. दहाच्या पुढे नाही. ही मिळाली की पहिल्या वर्षी कॅडकाच्या अकॅडमीत जाणं बंधनकारक असतं, त्यामुळे प्रवास-मुक्कामाचा खर्च बजेटमध्ये आधीच धरायचा.

आता मंडळाचं. ५०१(सी)(३) असल्यामुळे पैसे सांभाळणारी संस्था म्हणून मंडळ उभं राहू शकेल, पण अर्ज कोअलिशनच्या जोरावर होतो. कोअलिशनमध्ये बारा क्षेत्रांतली माणसं लागतात: अठरा किंवा त्याहून कमी वयाची मुलं, पालक, व्यापारी, माध्यमं, शाळा, मुलांसाठी काम करणाऱ्या संस्था, पोलीस, धार्मिक संस्था, नागरी किंवा स्वयंसेवी गट, आरोग्यसेवा, व्यसनाच्या विषयातलं सरकारी खातं आणि या कामातली आणखी एखादी संघटना. एकच माणूस दोन क्षेत्रांत दाखवता येत नाही. शिवाय ही मंडळी अर्जाच्या आधी किमान सहा महिने एकत्र काम करत असल्याचा पुरावा लागतो. म्हणजे तुमचे सहा-सात पालक मिळून झालं एक क्षेत्र. कोणी डॉक्टर असेल तर दोन. हे ऐकून हिरमुसू नका. ही अट मला सगळ्यात शहाणी वाटते. नुसते पालक जमले की चिंता वाढते; पोलीस, दुकानदार आणि मुख्याध्यापक एका टेबलाशी आले की कोणाला काय करता येईल यावर बोलणं येतं.

दुसरी अट जोडनिधीची. सरकार जितके देणार तितकेच तुम्ही बिगर-फेडरल स्रोतांतून उभे करायचे. सातव्या-आठव्या वर्षी सव्वापट, नवव्या-दहाव्या वर्षी दीडपट. घाबरू नका, रोख लागत नाही. स्वयंसेवकांचा वेळ, शाळेने फुकट दिलेला हॉल, स्थानिक पेपरने दिलेली जाहिरातीची जागा, सगळ्याची किंमत धरता येते. मात्र कागद हवा. आमच्याकडे दाराशी एक तक्ता असायचा: नाव, तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, काय केलं, सही. डॉक्टरांनी पालकांना औषधांबद्दल माहिती दिली तर तो तास त्यांच्या व्यवसायाच्या दराने धरायचा. त्याच डॉक्टरांनी खुर्च्या लावल्या तर साध्या स्वयंसेवकाच्या दराने. आणि ज्याचा पगारच फेडरल पैशातून होतो, त्याचा वेळ जोडनिधीत येत नाही. हे तक्ते सांभाळणारं एक काटेकोर माणूस आत्तापासून हेरून ठेवा. मराठी मंडळात ते सापडणार नाही असं होणारच नाही.

ट्रेनिंगकडे येते, कारण माझा जीव तिथे अडकलाय. मी गेले तेव्हा वर्षभरात विभागलेले तीन आठवड्यांचे वर्ग होते, मध्ये ऑनलाइन सत्रं. पाच पायऱ्या शिकवतात: परिस्थिती समजून घेणं, माणसं उभी करणं, आराखडा, अंमलबजावणी आणि परिणाम तपासणं. कागदावर हे अगदी साधं दिसतं. पण पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न विचारून ते तुम्हाला जेरीस आणतात: "पण का? आणि इथेच का?"

आम्ही लिहिलं होतं, आठवी-नववीची मुलं व्हेप करतात. पण का? सहज मिळतं. इथेच का? आमच्याकडे उत्तर नव्हतं. "हल्ली सगळीकडेच मिळतं" असं म्हटलं तर प्रशिक्षक बाई मान हलवून पुढच्या टेबलाकडे वळायच्या. घरी परतून आम्ही शाळेच्या आसपासची दुकानं पायी फिरून पाहिली. बस थांबते तिथल्या एका दुकानात काउंटरवर, गोळ्या-चॉकलेटांच्या बरणीला लागून रंगीत व्हेप मांडलेले. उंची बरोबर बारा वर्षांच्या मुलाच्या नजरेची. २०१९ च्या डिसेंबरपासून देशभर तंबाखू आणि व्हेपसाठी एकविसाची वयोमर्यादा आहे, पण संध्याकाळी गल्ल्यावर बसणाऱ्या पोऱ्याला ओळखपत्र मागायचं कोणी शिकवलंच नव्हतं. आमचं "इथेच का" ते होतं. तक्त्यात तेवढं लिहिल्यावर पुढचं काम आपोआप सुचत गेलं: मालकाला भेटणं, कामावरच्या मुलांना ओळखपत्र तपासायला शिकवणं, माल काउंटरमागे हलवणं. आमच्या व्यापारी प्रतिनिधीने हे बोलणं केलं. मी गेले असते तर मालकाने दारातूनच परत पाठवलं असतं.

भाषणाच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. कॅडका सात प्रकारचे उपाय शिकवते. माहिती देणं, कौशल्यं वाढवणं आणि आधार देणं हे तीन माणसावर काम करतात. उरलेले चार आजूबाजूचं बदलतात: एखादी गोष्ट मिळणं सोपं किंवा अवघड करणं, वागण्याचे परिणाम बदलणं, जागेची रचना बदलणं आणि नियम बदलणं. वक्ता पहिल्यात येतो. त्याला बोलावू नका असं मी म्हणत नाही, पण एका असेंब्लीने बस स्टॉपजवळचं ते काउंटर जागचं हलत नाही. शिवाय अंगावर काटा आणणारी भाषणं ऐकून मुलं तेवढ्यापुरती गप्प होतात आणि आपण काहीतरी केल्याचं समाधान फक्त मोठ्यांना मिळतं. मला याची चीड येते, कारण शाळेचा त्या वर्षीचा सगळा उत्साह त्यात खर्ची पडतो.

सगळ्यात कळकळीने सांगायचं ते हे. ट्रेनिंगला फक्त पगारी कोऑर्डिनेटरला पाठवू नका. बहुतेक कोअलिशन्स तेच करतात, कारण बाकीच्यांना रजा मिळत नाही. मग तो कोऑर्डिनेटर सगळं शिकून येतो, दोन-तीन वर्षांत दुसरीकडे जास्त पगाराची नोकरी धरतो आणि गाव होतं तिथेच राहतं. ज्यांची मुलं अजून पाचवी-सहावीत आहेत, ज्यांचं घर तिथेच आहे, जे ग्रँट संपल्यावरही गावात असणार, अशा कोणाला तरी सोबत पाठवा. आमच्याकडून एक निवृत्त पोस्टमन आले होते. गावातली एकूण एक दारं त्यांच्या ओळखीची. ग्रँट संपून माझा पगार थांबला तरी बैठका थांबल्या नाहीत, त्या त्यांच्यामुळे. ट्रेनिंगचा पैसा गावात मुरायचा असेल तर तो अशा माणसांवर खर्च झाला पाहिजे.

ओसरी

रानजाईताई, किती मनापासून लिहिलंत! प्रिंट काढून मैत्रिणींना देणार आहे. दोन शंका राहिल्या. एक, आपल्याकडचे बरेच जण अजून व्हिसावर आहेत. पोलिसांसोबत एका टेबलाशी बसायचं म्हटलं की ते दचकतात. आपल्या मुलाचं नाव कुठे नोंदलं जाईल का, कॉलेजच्या वेळी आडवं येईल का, ही भीती खरीच आहे. दोन, "आपल्या मुलांचं तसलं काही नसतं" याला काय उत्तर द्यायचं?

मात्रा

मध्येच लिहितो. मी फार्मासिस्ट आहे, आमच्या काउंटीच्या कोअलिशनमध्ये आरोग्यक्षेत्राचा प्रतिनिधी.

ओसरी, दुसऱ्या प्रश्नावर: मुलांवरून सुरुवात करू नका, कपाटावरून करा. आपल्या घरांत भारतातून आई-वडील सहा महिन्यांसाठी येतात तेव्हा सोबत सहा महिन्यांची औषधं आणतात. त्यात झोपेच्या गोळ्या असतात, घबराटीसाठीच्या असतात, कधी कोडीन असलेलं खोकल्याचं औषध असतं. ते परत जाताना उरलेली पिशवी इथेच राहते, "पुढच्या वेळी लागतील" म्हणून. गेस्ट रूमच्या ड्रॉवरमध्ये, कुलूप नाही. शिवाय २०२२ च्या एप्रिलपासून जर्सीत गांजाची किरकोळ विक्री कायदेशीर आहे, एकवीस आणि त्यावरच्यांसाठी. त्यामुळे पाहुण्यांनी आणलेल्या गमीज (गांजा घातलेल्या चघळायच्या गोळ्या) फ्रिजमध्ये साध्या गोळ्यांशेजारी पडलेल्याही मी पाहिल्यात.

"तुमचा मुलगा व्यसनी आहे का" असं विचारलं की पालक उठून जातात. "तुमच्या ड्रॉवरमध्ये काय आहे" विचारलं की घरी जाऊन बघतात. डीईए, म्हणजे फेडरल सरकारचं अमली पदार्थविरोधी खातं, २०१० पासून टेक बॅक डे भरवते, वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये. उरलेली औषधं नेऊन द्यायची, कोणी नाव विचारत नाही. मराठी शाळेतून सगळ्यांनी मिळून पिशव्या नेण्याचा कार्यक्रम ठेवा. कॅफेटेरियातले तेच लोक येतील, बघा.

रानजाई

मात्रा, हे फार उपयोगी लिहिलंत. अगदी असंच काम जोडनिधीतही धरता येतं.

ओसरी, तुमची पहिली शंका. कोअलिशन कोणा एका मुलाची फाइल ठेवत नाही. तिचं काम अख्ख्या गावाच्या परिस्थितीवर असतं. शाळेत जो सर्वे होतो त्यावर नाव नसतं. ग्रँटसाठी चारच मूळ गोष्टी मोजायच्या असतात: गेल्या तीस दिवसांत वापर केला का, त्यात धोका किती वाटतो, आई-वडिलांना ते चुकीचं वाटेल का आणि मित्रांना चुकीचं वाटेल का. दारू, तंबाखू, गांजा आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची औषधं, या प्रत्येकासाठी, सहावी ते बारावीच्या मुलांमध्ये, निदान दर दोन वर्षांनी. संमतीचे नियम शाळेकडून समजून घ्या आणि पालकांना प्रश्नावली आधी दाखवा. डोळ्यांनी पाहिली की निम्मी भीती जाते. व्हिसावर असलेल्यांना पोलिसांच्या टेबलाशी बसवायचा आग्रह धरू नका. पालक म्हणून एका उपसमितीत काम करू देत. बाकी विश्वास ओळखीतून येतो, त्याला घाई करून चालत नाही. कोणाच्या घरात प्रत्यक्ष अडचण उभी असेल तर त्यांना शाळेतल्या समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे न्या. ते काम कोअलिशनचं नाही, आणि बैठकीत तर त्याची चर्चा कधीच होऊ देऊ नका. त्या दोन आयांनी पार्किंगमध्ये तुमच्यावर जो भरवसा ठेवला तो तसाच जपा.

दुसऱ्या शंकेत मला एक जोडावंसं वाटतं. त्या चार प्रश्नांतला तिसरा पुन्हा वाचा. मुलाला जर वाटत असेल की घरी हे चालणार नाही, तर त्याचा परिणाम होतो, आणि ते त्याला आपण स्पष्ट बोलल्याशिवाय कळत नाही. आपल्याकडे "त्याला माहीतच आहे" म्हणून बोलणं राहून जातं. "आपली मुलं तशी नाहीत" म्हणणाऱ्यांना एवढंच विचारा, तुमचं मत मुलाने तुमच्या तोंडून कधी ऐकलंय का? वाद नको, उत्तर ते घरी जाऊन शोधतील.

आता कामाचं. कोअलिशन म्हणून अर्ज करायला तुम्हाला अजून वेळ आहे, तो वाया घालवू नका. पाणवठा म्हणतात तसं आधी म्युनिसिपल अलायन्समध्ये जा. तिथे पोलीस, शाळा आणि सरकारी खातं आयतं मिळेल, आणि त्याच भागात दुसरी कोअलिशन काढून स्पर्धा करण्याची वेळ येणार नाही. त्यांच्याकडे पालक आणि मुलं कमी असतात, तुमच्याकडे तीच आहेत. मोठ्या मुलांपैकी दोघा-तिघांना सोबत न्या आणि बोलू द्या, नुसती खुर्ची देऊन बसवू नका. तुमच्या धाकटीला बाथरूमबद्दल जे माहीत होतं ते मुख्याध्यापकांना एक वर्ष उशिरा कळलं.

कॅडकाच्या पुस्तिका त्यांच्या वेबसाइटवर फुकट आहेत. त्यातली परिस्थितीच्या आकलनाची आधी वाचा आणि ग्रँटची वाट न पाहता शाळेभोवतालची दुकानं फिरून या. सॅम डॉट गव्हवर (फेडरल ग्रँट घेणाऱ्या संस्थांच्या नोंदणीची सरकारी वेबसाइट) मंडळाची नोंदणी आत्ताच सुरू करा, तिला आठवडे लागू शकतात आणि ऐन मुदतीच्या वेळी ती अडली तर बाकी सगळं तयार असूनही अर्ज जात नाही. नोंदणी पूर्ण फुकट असते. "आम्ही करून देतो" म्हणत पैसे मागणाऱ्यांच्या ईमेल येतील, त्यांना उत्तर देऊ नका. ग्रँट मिळाली तर तिचं वर्ष ३० सप्टेंबरला सुरू होतं, त्यावरून मागे मोजत या. अटी वर्षागणिक थोड्या बदलतात, त्यामुळे मी इथे लिहिलेल्यावर न थांबता त्या वर्षीची ग्रँटची नोटीस अथपासून इतिपर्यंत वाचा. आणि एक लक्षात ठेवा: फेडरल पैशातून नगरसेवकांकडे एखाद्या नियमासाठी लॉबिंग करता येत नाही. माहिती देणं चालतं. ती रेघ कुठे आहे ते अकॅडमीत नीट समजावतात.

पुढच्या बैठकीपासून मिनिट्स ठेवायला लागा. तारीख, कोण आलं, काय ठरलं, कोण करणार. हजर माणसाच्या नावापुढे त्याचं क्षेत्रही लिहा, म्हणजे अर्जाच्या वेळी बारातलं कोणतं अजून रिकामं आहे ते एका नजरेत दिसेल.